मासे नंतर, पाणी आधी : फिश टँकपासून केळीच्या बागेपर्यंत

१/ जळगाव-धुळ्यात काय किंवा अन्यत्र काय, नवी टाकी आणि मासे बहुधा एकाच दिवशी घरी येतात. पाणी नितळ दिसते, तरीही आठ-पंधरा दिवसांत मासे एकामागून एक मरू लागतात. दोष माशांना दिला जातो. खरे कारण १९व्या शतकातील एका पिता-पुत्राच्या कार्यात सापडते. #धागा

२/ १८४९. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १२ गॅलनांच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने माशांना प्राणवायू पुरवावा, हा हेतू. परंतु सडक्या पानांनी पाणी गढुळले. तेव्हा त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी ती पाने खाल्ली आणि पाणी निवळले.

३/ हे निरीक्षण १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे आले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. तथापि मासे कल्ल्यांवाटे जो विषारी अमोनिया सोडतात, त्याचे पुढे काय होते, हे कोडे शिल्लक होते.

४/ १८७७. फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपू दिले. २० दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. निष्कर्ष स्पष्ट होता : हे काम सजीवांचे आहे.

५/ आता पुत्राचा प्रवेश. त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. रोथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात त्यांनी दाखवले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते : अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. ते जिवाणू वेगळे करणे मात्र त्यांना साधले नाही; ते यश १८९०च्या सुमारास विनोग्रादस्की यांना मिळाले. पित्याच्या टाकीचे अर्धे रहस्य पुत्राला शेतातील मातीत सापडले!

६/ खानदेशाला ही क्रिया परकी नाही. जळगावच्या केळीबागेत शेणखत वा युरिया पडला की त्यातून अमोनिया सुटतो आणि मातीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. त्यावर केळी पोसली जाते. बागेत ही व्यवस्था आधीपासून नांदत असते. दुकानातून आणलेल्या कोऱ्या काचेत ती नसते.

७/ म्हणून नवी टाकी मासे सोडण्यापूर्वी सहसा चार ते सहा आठवडे चालवावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढावे. फिल्टर सुरू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया वाढतो, मग नायट्राइट. चाचणी संचात दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसले की टाकी सिद्ध झाली. त्यानंतरही मासे थोडे थोडेच सोडावेत.

८/ खानदेशचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ४० अंशांना साडेसहाच्या आत. माशांप्रमाणे या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. टाकी उन्हापासून दूर ठेवावी. वीज फार वेळ गेल्यास हवेच्या पंपाची पर्यायी सोय असावी.

९/ फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि आठवड्यांची कमाई वाहून जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा.

१०/ घाई असेल, तर ओळखीच्या घरातील निरोगी जुन्या टाकीच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा मागून आणावा. दुधाला विरजण लागते, तसे नव्या पाण्याला हे विरजण. श्लेझिंग आणि म्युन्त्झ यांनीही क्लोरोफॉर्मने थांबलेली नळी अशीच पुन्हा चालू केली होती : तीत मातीचे पाणी घालून.