मुलांच्या हातांतील गातें यंत्र

गाणें ऐकण्याचें साधन मुलाच्या हातांत द्यावें कीं देऊं नये, आणि द्यावयाचें तर कोणतें व किती किमतीचें, हा प्रश्न आजच्या गृहस्थास नवा वाटतो. वस्तुतः तो सव्वाशें वर्षांहून अधिक जुना आहे. ध्वनि सांठवून ठेवण्याची विद्या माणसास साध्य झाली, आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांतच ती मुलांच्या खेळण्यांत शिरली. तेव्हांपासून या यंत्रांचा जो प्रवास झाला त्याकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, प्रत्येक पिढींतील आईबापांपुढें तेच तीन प्रश्न उभे राहिले. यंत्र परवडेल काय? मुलाच्या हातीं तें टिकेल काय? आणि त्या यंत्रापायीं मूल घरास पारखें तर होणार नाहीं ना?

एडिसन यानें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला. त्यांत फिरत्या नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळलेला असे, व त्यावर सुईनें आवाजाचे चर उमटत. याच यंत्राची एक चिमुकली आवृत्ति करून त्यानें ती बाहुलीच्या छातींत बसविली आणि १८९० सालीं बोलती बाहुली बाजारांत आणली. धड पत्र्याचें, डोकें चिनी मातीचें आणि पाठीशीं फिरविण्याची दांडी, अशी तिची रचना होती. दांडी फिरविली म्हणजे ती बालगीत म्हणे. कपड्यांवांचून तिची किंमत १० डॉलर होती. सामान्य कामगाराची ती जवळजवळ दोन आठवड्यांची कमाई. एवढें करून मेणाचे चर लवकर झिजत, दांडी एकसारख्या गतीनें फिरविणें लहान हातांस जमत नसे, आणि आवाज असा कर्कश निघे कीं मुलें रमण्याऐवजीं बिचकत. प्रत्येक बाहुलीचें नळकांडें निराळें भरावें लागे. त्यासाठीं कारखान्यांत मुली रांगेनें बसून तेंच गीत पुनः पुनः म्हणत. कांहीं आठवड्यांतच हा व्यापार गुंडाळावा लागला. महाग, नाजूक आणि अवघड अशी वस्तु मुलांच्या नांवानें विकूं नये, हा धडा त्या बाहुलीनें पहिल्याच पावलास दिला.

त्याच सुमारास एमिल बर्लिनर हा दुसरा संशोधक निराळ्या वाटेनें चालला होता. त्यानें नळकांडें टाकून सपाट तबकडी घेतली आणि १८८८ सालीं फिलाडेल्फिया येथें तिचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. तबकडीचा मोठा गुण असा कीं, एका मूळ साच्यावरून तिच्या हव्या तितक्या प्रती छापतां येत. गायकानें एकदां गावें आणि हजारों घरांनीं ऐकावें, ही गोष्ट प्रथमच स्वस्ताईच्या आटोक्यांत आली. परंतु हा शोध पहिल्यानें विकला कोणीं? जर्मनींतील वाल्टर्सहाउझेन या गांवच्या कामर आणि राइनहार्ट या खेळणीं करणाऱ्या पेढीनें! १८९० च्या आसपास तिनें हातानें फिरविण्याचा छोटा ग्रामोफोन आणि पांच इंची तबकड्या मुलांसाठीं बाजारांत मांडल्या. पुढें ज्या यंत्रावर जगांतील थोर गवई अजरामर झाले, तें आरंभीं पोरांचें खेळणें होतें.

खेळणें प्रौढ झालें आणि मुलांच्या हातून निसटलें. तबकडी सारख्या गतीनें फिरविणारी स्प्रिंग आली, कर्णा आला, आणि ग्रामोफोन दिवाणखान्यांत मानानें जाऊन बसला. १९०२ सालीं फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. तेथें त्यानें गोहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्यानंतर आपल्या नाटकांतील पदें आणि मैफलींतील चिजा तबकड्यांवर येऊं लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या सुमाराचें गाणें मावे. तेवढ्यांत राग उभा करण्याची कला आपल्या गवयांनीं साध्य करून घेतली. तबकड्यांस लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशांतील रानांतून जात असे, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परंतु लाखेची तबकडी हातांतून पडली कीं तिचे तुकडे होत, आणि सुई वारंवार बदलावी लागे. म्हणून ज्या घरीं ग्रामोफोन होता, त्या घरांतील मुलांनीं तो दुरून पाहावा, ऐकावा, पण हात लावूं नये, असाच दंडक असे.

यंत्र उचलून नेण्याजोगें झालें तें १९१४ सालीं. लंडनच्या एका वाद्यांच्या पेढीनें ‘डेक्का’ नांवाचा पेटीवजा ग्रामोफोन त्या वर्षीं विक्रीस काढला. झांकण लावलें कीं तो हातांतल्या पेटीसारखा दिसे. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि या पेट्या सैनिकांबरोबर खंदकांत गेल्या. किल्ली दिली कीं वाजणारें, विजेची अपेक्षा न ठेवणारें असें हें यंत्र पुढें आपल्याकडेहि, वीज न पोंचलेल्या गांवीं, लग्नकार्यांत व सहलींत हिंडूं लागलें.

खरी क्रांति मात्र एका चिमुकल्या वस्तूनें केली. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पूर्वीच्या रेडिओंत कांचेचे दिवे असत. ते तापत, फुटत आणि वीजहि पुष्कळ खात. ट्रान्झिस्टरनें ही अडचण दूर केली. १९५४ सालीं ‘रीजन्सी टीआर-१’ हा खिशांत मावणारा रेडिओ अमेरिकेंत ४९ डॉलर ९५ सेंटला विकूं लागला. १९५७ सालीं जपानच्या सोनी कंपनीचा ‘टीआर-६३’ तेथें ३९ डॉलर ९५ सेंटला मिळूं लागला. शाळकरी मुलास स्वतःचें असें गातें यंत्र मिळण्याचा हा पहिला काळ. कानांत बोंडूक घालून, उशीखालीं रेडिओ ठेवून चोरून गाणीं ऐकण्याची हौसहि तेव्हांपासूनचीच.

आपल्या देशांत त्या वेळीं चित्र निराळें होतें. १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालें, तेव्हां घरांतील एकुलत्या एका रेडिओभोंवतीं सारें घर आणि शेजारपाजार गोळा होत असे. तेथें मुलास निवड नव्हती. परंतु सोबत होती. आजोबांनीं सांगितलेला अर्थ आणि आईनें धरलेला सूर हीं गाण्याबरोबर फुकट मिळत. पुढें ट्रान्झिस्टर आपल्याकडेहि घरोघर पोंचला आणि ही बैठक हळूहळू पांगूं लागली.

फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट पुढें आणली. ती पडली तरी फुटत नसे, खिशांत मावे, आणि तिच्यावर स्वतःचा आवाजहि भरतां येई. मुलाच्या हातीं निःशंकपणें द्यावें असें हें पहिलें साधन म्हणतां येईल. १९८० नंतरच्या दशकांत आपल्याकडे स्वस्त कॅसेटींचा पूर आला, आणि गाणें जतन करणें हा श्रीमंतांचाच अधिकार उरला नाहीं. आजीची कहाणी आणि बाळाचे पहिले बोल कॅसेटवर भरून ठेवणारीं घरें पुष्कळ होतीं. गुंतलेली फीत पेन्सिलीनें गुंडाळण्याची कला तर त्या पिढींतील प्रत्येक मुलास येत असे.

या कॅसेटच्याच बळावर १ जुलै १९७९ रोजीं सोनीचा वॉकमन जन्मास आला. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांस विमानाच्या लांबच्या प्रवासांत संगीत ऐकावयाचें होतें. वार्ताहरांसाठीं केलेलें एक छोटें ध्वनिमुद्रण यंत्र कंपनीपाशीं होतेंच. त्यांतून मुद्रणाची सोय आणि कर्णा काढून टाकला व हलकीं कर्णयंत्रें जोडलीं. ज्या यंत्रांत आवाज भरतांच येत नाहीं तें विकत कोण घेणार, अशी शंका कंपनींतील लोकांनींच काढली. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनीं मात्र आग्रह धरला कीं, वस्तु उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं बाजारांत आली पाहिजे आणि किंमत विद्यार्थ्यांच्या आवांक्यांत राहिली पाहिजे. त्याप्रमाणें ती ३३,००० येन ठरली. पहिल्या महिन्यांत विक्री फार थोडी झाली. मग कंपनीचीं तरुण माणसें वॉकमन लावून टोकियोच्या रस्त्यांतून हिंडलीं, वाटसरूंच्या कानांस तो लावून दाखविला, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीं पहिले ३०,००० नग संपले.

या यंत्रांतील एक बारकावा फार बोलका आहे. पहिल्या वॉकमनला कर्णयंत्रें जोडण्यास दोन जागा होत्या. शिवाय एक नारिंगी बटण होतें. तें दाबलें कीं संगीत मंद होऊन सोबत्याचें बोलणें ऐकूं येई. एकट्यानेंच कान झांकून बसणें हें असभ्यपणाचें दिसेल, अशी मोरितांस भीति वाटत होती; घरीं हें यंत्र लावून बसल्यावर आपली पत्नी दूर लोटल्यासारखी नाराज झाली, हें त्यांनीं अनुभवलें होतें. परंतु गिऱ्हाइकांस एकटेंच ऐकणें अधिक रुचलें. पुढील नमुन्यांतून तें बटण आणि ती दुसरी जागा हळूहळू नाहींशी झाली. माणसाच्या स्वभावापुढें यंत्रकारानें घेतलेली ती माघार होती.

त्यानंतरचा इतिहास वेगानें धांवतो. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं गाण्याची माहिती आटविण्याच्या पद्धतीस १९९५ सालीं ‘एमपी३’ हें नांव दिलें. १९९८ सालीं कोरियाचा ‘एमपीमॅन’ आला. त्याच्या ३२ मेगाबाइटमध्यें जेमतेम अर्ध्या तासाचें गाणें मावे. २००१ सालीं ॲपलचा आयपॉड १,००० गाणीं घेऊन ३९९ डॉलरला आला, आणि २००५ सालीं पडदा नसलेला आयपॉड शफल ९९ डॉलरला मिळूं लागला. पडदा नाहीं म्हणून स्वस्त, आणि पडदा नाहीं म्हणूनच मुलांस योग्य, असा हा दुहेरी लाभ होता. पुढें मोबाइल फोननें हीं सारीं यंत्रें गिळलीं. २०२२ सालीं आयपॉडचें उत्पादनहि थांबलें.

पण फोनबरोबर गाण्यापेक्षां दुसरेंच बरेंच कांहीं मुलाच्या हातीं जातें, हें ध्यानांत आल्यावर जुनी मागणी पुनः उभी राहिली. जर्मनींत २०१६ सालीं ‘टोनीबॉक्स’ निघाली. मऊ आवरणाच्या या पेटीवर छोटी मूर्ति ठेवली कीं गोष्ट वा गाणें सुरू होतें. इंग्लंडांत पुठ्ठ्यासारखें पान सरकवून ऐकण्याची ‘योटो’ ही पेटी निघाली. आपल्याकडे जुन्या ग्रामोफोन कंपनीचीच वारस असलेल्या सारेगामानें २०१७ सालीं ५,००० गाणीं भरलेला ‘कारवां’ काढला. तो वडीलधाऱ्यांसाठीं होता. परंतु नातवंडेंहि तो सहज चालवूं शकत.

आतां निवड करणाऱ्या गृहस्थानें या इतिहासांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट, यंत्राच्या किमतीबरोबर गाण्यांची किंमत मोजावी. पेटी स्वस्त असली तरी प्रत्येक मूर्तीस आणि प्रत्येक पानास निराळा पैसा पडतो. साधें बटणांचें यंत्र व घरीं असलेलीं गाणीं यांत बहुधा कमी खर्च येतो. दुसरी गोष्ट, एडिसनच्या बाहुलीची गत आठवावी. जें मुलास स्वतः चालवितां येत नाहीं, तें त्याचें नव्हेच. तिसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेनें व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०१८ सालीं जें मान ठरविलें, त्यांत मुलांसाठीं आठवड्यास ४० तास, तेंहि ७५ डेसिबेलपर्यंत, अशी मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबेलनें वाढला कीं काळ निम्मा करावा लागतो; म्हणजे ७८ डेसिबेलला २० तास आणि ८१ ला १० तासच. कानांतील सूक्ष्म केंसपेशी एकदां मेल्या कीं पुनः उगवत नाहींत. म्हणून ज्यावर आवाजाची मर्यादा आईबापांस बांधतां येते, तें यंत्र चार पैसे जास्त देऊनहि घ्यावें.

शक्य तर त्यास कर्णाहि असावा, म्हणजे गाणें खोलींत पसरेल. आणि कर्णयंत्रें लावावयाचींच असतील, तर दोन जोड लागतील अशी सोय पाहून घ्यावी. दुकानांत ती स्वस्तांत मिळते. दुसरा जोड आईनें लावावा कीं आजोबांनीं, हें ज्याच्या त्याच्या घरीं ठरेल.