सांधेरोपणानंतरचा मुक्काम: अंदाज नेमका कशाचा?

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर रुग्ण किती दिवस रुग्णालयात राहील याचा अंदाज बांधण्याआधी, हे दिवस नेमके काय मोजतात ते ठरवायला हवे. रुग्ण घरी जाण्याजोगा होणे आणि प्रत्यक्ष घरी जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. केसपेपरवर डिस्चार्जची तारीख असते ती दुसरीची.

डेन्मार्कमध्ये २००० च्या सुमारास १०-११ दिवसांचा असलेला मुक्काम २००९ पर्यंत सुमारे ४ दिवसांवर आला. रुग्णांची शरीरे तीच होती. बदलली ती वेदनाशमनाची रीत, लवकर उठवून चालवण्याचा शिरस्ता आणि घरी सोडण्याचे ठरलेले निकष. डॅनिश शल्यविशारद हेन्रिक केलेट यांच्या विचारातून आलेल्या या पद्धतीतही रुग्ण अडकत. कुणी दुखण्याने, चक्करेने, अशक्तपणाने. तर कुणी फिजिओथेरपी किंवा रक्त मिळण्याची वाट पाहत. आपल्याकडे यात विम्याच्या मंजुरीची भर पडते. म्हणून केवळ वय, वजन, मधुमेह आणि हिमोग्लोबिन पाहणारे सूत्र अर्धेच राहते.

ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'रॅप्ट' ही १२ गुणांची प्रश्नावली रुग्ण थेट घरी जाईल की पुनर्वसन केंद्रात, हे आधी सांगण्यासाठी आहे. त्यात वय, लिंग, चालण्याचे अंतर आणि काठी-वॉकरची गरज यांना प्रत्येकी जास्तीत जास्त २ गुण आहेत. बाहेरून घ्यावी लागणारी मदत १. घरी सांभाळणारे माणूस असेल तर मात्र एकदम ३. सर्वांत जड पारडे घराचे आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

गणिताची अडचण वेगळी. बहुतेक रुग्ण थोड्या दिवसांत जातात, पण जंतुसंसर्ग झालेला एखादा कित्येक आठवडे राहतो आणि सरासरी फुगवतो. अशा वेळी मध्यक पाहावा, किंवा 'चौथ्या दिवसानंतरही राहण्याची शक्यता किती?' असे विचारावे. उत्तर ३० टक्के आले, तर तसे उत्तर मिळालेल्या दर १०० रुग्णांपैकी खरोखर ३० च्या आसपास राहिले का, हे आपल्याच रुग्णालयाच्या नोंदींवर तपासावे. डेन्मार्कच्या नोंदींवर बेतलेले सूत्र लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला जसेच्या तसे लागू पडणार नाही.

अंदाज लांब मुक्कामाचा आला, तर शस्त्रक्रियेआधीच पंडुरोगावर उपचार सुरू करावेत, घरात कमोडची सोय करून घ्यावी आणि सोबतीला कोण राहणार ते ठरवावे. खाट लवकर रिकामी करण्यासाठी म्हणून तो आकडा कोणत्याही रुग्णालयाने वापरू नये.