डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन

डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) : पुरुषत्वाची शारीरिक लक्षणे घडवणारे एक संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनवर ५-अल्फा रिडक्टेज या विकराची क्रिया होऊन ते त्वचा, केशपुटके, यकृत आणि प्रोस्टेट ग्रंथी यांत तयार होते. रक्तात ते टेस्टोस्टेरॉनपेक्षा पुष्कळच कमी असते. पण पेशींतील अँड्रोजन-ग्राहींना अधिक घट्ट चिकटून राहत असल्याने त्याचा प्रभाव मोठा असतो.

गर्भातील मुलग्याचे शिश्न, वृषणकोश आणि प्रोस्टेट यांची घडण डीएचटीमुळे होते. वयात आल्यावर दाढी व अंगावरचे केस त्यामुळेच दाट होतात.

डोक्यावर मात्र त्याचे काम उलटे. कपाळाच्या दोन्ही बाजूंची व टाळूवरची केशपुटके आनुवंशिकतेने डीएचटीला संवेदनशील असतील, तर केसांच्या वाढीचा काळ आखडत जातो, पुटके आक्रसतात आणि जाड केसांच्या जागी बारीक लव उरते. डोक्याच्या मागच्या भागातील पुटकांवर हा परिणाम फारसा होत नाही. केशरोपणासाठी केस तिथूनच घेतात. टक्कल म्हणजे अंगात पुरुषी संप्रेरक जास्त, हा समज चुकीचा आहे. टक्कल पडलेल्यांच्या रक्तातील पातळी बहुधा सामान्यच असते.

जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले, की वयात येण्यापूर्वीच वृषणे गमावलेल्यांना टक्कल पडत नाही. पण टेस्टोस्टेरॉन दिल्यास, घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस जाऊ लागतात. संप्रेरक आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात, हे यातून कळले. पुढे १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५-अल्फा रिडक्टेजच्या जन्मजात कमतरतेमुळे तिथले काही मुलगे मुली समजून वाढवले जात आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणे दिसू लागत. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राही, दाढी विरळ असे आणि टक्कल पडत नसे.

हे विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी आणि १९९७ मध्ये, १ मिलिग्रॅम मात्रेत, टकलासाठी मान्य झाले. त्याने रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटते. काहींची कामेच्छा मंदावते, उत्थापनात अडचण येते. मुलग्याच्या गर्भाला धोका असल्याने गरोदर स्त्रियांनी फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. प्रोस्टेट कर्करोगाच्या तपासणीतील पीएसएचा (प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजनाचा) आकडा या औषधाने साधारण निम्मा दिसतो, म्हणून ते घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. औषध थांबवल्यास मिळालेला लाभ वर्षभरात जातो.