'साइड देणे' : बदनापूर परिसरातील रस्ता आणि वाहनचालकांचे संकेत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जालना–औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) मार्गावरील बदनापूर हे तालुक्याचे गाव जालन्यापासून सुमारे २० कि.मी. अंतरावर आहे. तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध असलेल्या येथील कृषी संशोधन केंद्रामुळे शेतीच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते प्रथम भेटते ते रस्त्याच्या एका अडचणीमुळे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट बदनापूर येथे झाली. दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांची फौज भोकरदनच्या बाजूला होती. दोन्ही इंग्रज फौजांनी एकाच वाटेने जावे की निरनिराळ्या, हा प्रश्न तेथे निर्माण झाला. एका दिवसात दोन्ही फौजा डोंगरातील अरुंद वाटेने पार होणे शक्य नाही, हे फौजा वेगळ्या करण्याचे एक प्रमुख कारण होते. त्यानुसार २२ तारखेला स्टीव्हन्सन डोंगरांच्या पश्चिमेकडून व वेलस्ली पूर्वेकडून निघाला. २३ तारखेला असईची लढाई वेलस्लीला एकट्यालाच लढावी लागली. स्टीव्हन्सन पोहोचला तो दुसऱ्या दिवशी सायंकाळी.

अपुऱ्या रस्त्यावरून एकापेक्षा अधिकांनी कसे जावे, मागच्याने पुढच्याला केव्हा ओलांडावे आणि पुढच्याने त्याला वाट द्यावी की नाही, हा प्रश्न या परिसरात आजही सुटलेला नाही. बेदरकार 'ओव्हरटेक' आणि बेमुर्वत चालक यांविषयीची तक्रार या मार्गावर नित्य ऐकू येते. ही तक्रार सामान्यतः चालकाच्या स्वभावावर ढकलली जाते. प्रस्तुत निबंधात तिचा विचार रस्त्याच्या रुंदीच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

चाकोरीचा काळ

डांबर येण्यापूर्वीच्या काळ्या मातीतील रस्ता म्हणजे वस्तुतः चाकोरी. बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेषांतून गाडी चाले. त्यांतून बाहेर पडणे म्हणजे बैलांच्या मानेवर ताण आणि जू मोडण्याचे भय. समोरून दुसरी गाडी आली तर चाकोरी कोणी सोडायची? भरल्या गाडीला रिकाम्या गाडीने वाट द्यावी, हा खेड्यापाड्यांत सांगितला जाणारा संकेत याच अडचणीतून आलेला दिसतो. ज्याला बाजूला होणे अधिक जड, त्याचा हक्क आधी, असा त्यातील न्याय आहे. पुढे १९८९ च्या वाहतूक नियमांत डोंगरी अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी असे सांगितले गेले, त्यामागील तत्त्व याहून वेगळे नाही.

बैलगाडीला बैलगाडीने मागून ओलांडण्याचा प्रसंग मुळात विरळा, कारण वेगात फरकच नसे. दमणी किंवा टांगा आला तरच तो निर्माण होई. म्हणजे ओलांडण्याचा प्रश्न हा वेगाचा नसून वेगांतील तफावतीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग बदनापूरवरून गेला, तेव्हा तफावतीची ही अडचण उद्भवली नाही, कारण आगगाडीने आपला मार्गच वेगळा केला. मोटारीने तसे केले नाही. ती बैलांच्या वाटेवरच आली.

एकेरी डांबर आणि साइडपट्टी

निजाम राज्याच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी आपला रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. मुंबई राज्यातील एस.टी.ची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. सार्वजनिक मोटार वाहतुकीच्या बाबतीत हैदराबाद संस्थान मुंबईच्या सोळा वर्षे पुढे होते, ही गोष्ट मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा करताना बहुधा विसरली जाते. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि येथील सरकारी बससेवा पुढे एस.टी.त विलीन झाली.

या बसगाड्यांना मिळालेला रस्ता दीर्घकाळ एकेरी होता. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार एकेरी डांबरी रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर असते. बस किंवा ट्रकची रुंदी सुमारे अडीच मीटर. दोन वाहने शेजारी आली की पाच मीटर लागणार, हे उघड आहे. त्यामुळे डांबर एका वेळी एकाच वाहनाचे असे. मागच्याला पुढे जायचे असल्यास पुढच्याने आपली डावी चाके डांबराखाली, मुरमाच्या साइडपट्टीवर उतरवणे भाग होते. डांबराची कड तुटलेली, पट्टी खचलेली, पावसाळ्यात तर चिखलाने भरलेली. टायर कापले जाण्याचा, माल एका अंगाला कलण्याचा, प्रसंगी गाडी उलटण्याचा धोका पत्करूनच वाट द्यावी लागे.

मराठी चालकांच्या बोलीतील 'साइड देणे' हा शब्दप्रयोग या परिस्थितीत अक्षरशः खरा होता. जे दिले जाई ते स्वतःच्या नुकसानीचा धोका पत्करून दिले जाई. म्हणूनच ते मागावे लागे आणि नाकारताही येई. हॉर्न हे मागणे होते. उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून पुढे हलविणे, किंवा क्लिनरने डाव्या बाजूच्या पत्र्यावर थाप मारणे, हे उत्तर होते. वाट मिळाल्यावर पुढे जाणारा हात उंचावून पोच देई. या देवघेवीला उर्दूमिश्रित मराठवाडी बोलीत 'मुर्वत' हा नेमका शब्द आहे, आणि ती न राखणारा तो बेमुर्वत.

कायद्यानेही हा संकेत गृहीत धरला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात उजव्या बाजूने ओलांडावे, वळणावर ओलांडू नये, ज्याला ओलांडले जात आहे त्याने आपला वेग वाढवू नये, असे नियम होते. १९८९ च्या नियमांत तर मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी हात कसा हलवावा याचेही वर्णन आहे. हाताच्या खुणेचा तपशील कायद्याच्या पानावर यावा, यावरून त्या खुणेवर किती भार होता हे ध्यानात येते.

या काळाचे गोडवे मात्र गाऊ नयेत. साइड नाकारणे हीही एक सत्ता होती. मैलोगणती मागे ताटकळणारा आणि मुद्दाम मध्यातून चालणारा, हे दोघेही त्याच रस्त्यावर होते. शिवाय बैलगाडीवाल्याला कोणी विचारीत नसे. मोटारीचा हॉर्न ऐकताच त्याने चाकोरी सोडावी, हे ठरलेलेच होते. मुर्वतीलाही प्रतवारी होती.

दुपदरी रस्ता : विश्वासाचे रूपांतर

रस्ता सात मीटर रुंद झाल्यावर पुढच्याने चाके खाली उतरवण्याची गरज संपली. आता मागचा समोरून येणाऱ्याच्या पदरात जाऊन पुढे सरकू लागला. पुढच्याची संमती तरीही निरर्थक झाली नाही, परंतु तिचा अर्थ पालटला. पूर्वी तो जागा देत असे. आता तो माहिती देऊ लागला. त्याच्या पाठीमागे असलेल्याला समोरचे दिसत नाही, त्याला दिसते. त्याचा हात म्हणजे 'पुढे मोकळे आहे' अशी साक्ष.

या साक्षीची किंमत आकड्यांत मांडता येते. ताशी ६० कि.मी. वेगाच्या ट्रकला ताशी ८० कि.मी. वेगाने ओलांडताना ट्रकची लांबी व मागचे-पुढचे अंतर धरून सुमारे ५० मीटरची आघाडी घ्यावी लागते. तिला नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात मोटार २०० मीटर जाते; समोरचाही तेवढेच अंतर कापतो. म्हणूनच रस्ते महासभेच्या मानकात ताशी ८० कि.मी.साठी ४७० मीटर व १०० कि.मी.साठी ६४० मीटर मोकळी दृष्टी आवश्यक मानली आहे. बदनापूर ते जालना हे अंतर ६० ऐवजी ८० च्या वेगाने कापल्यास वाचतात ती पाच मिनिटे.

ट्रकच्या मागे रंगवलेले 'हॉर्न ओके प्लीज' ही या देवघेवीची लेखी पावतीच म्हणावी लागेल. त्याच्या उगमाच्या कथा अनेक आहेत. विश्वसनीय पुरावा एकीलाही नाही. 'हॉर्न वाजवा' याचा अर्थ 'मागा, म्हणजे मिळेल' असा होता. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ३० एप्रिल २०१५ रोजी व्यापारी वाहनांवर हे शब्द रंगवण्यास बंदी केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते. कारण योग्यच होते. परंतु तोपर्यंत हॉर्न हे मागणे राहिले नव्हते, ते फर्मान झाले होते, हेही त्या आदेशावरून सूचित होते.

चौपदरीकरणानंतर

औरंगाबाद–जालना मार्गाचे खासगीकरणातून चौपदरीकरण झाले आणि मध्ये दुभाजक आला. समोरासमोरच्या धडकेचे भय त्यामुळे पुष्कळ कमी झाले, हे निर्विवाद आहे. त्याबरोबर पुढच्याच्या संमतीचीही गरज संपली. हात बाहेर काढण्याचे कारण उरले नाही; वातानुकूलित मोटारीची काच तर बंदच असते. संकेत गेला आणि त्याच्या जागी पदराची शिस्त यायला हवी होती, ती आली नाही. लोखंडी सळयांनी भरलेला ट्रक उजव्या पदरातून संथ चालतो, मग मोटार त्याला डावीकडून ओलांडते, आणि नेमक्या त्याच डाव्या कडेला दुचाकीस्वार असतो.

येथे दोष कोणाचा, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. औरंगाबादहून निघालेल्याला मोसंबी किंवा ऊस भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली आणि उलट दिशेने येणारी मोटारसायकल बेमुर्वत वाटते. बदनापूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचे घर दुभाजकाच्या एका बाजूला व शेत दुसऱ्या बाजूला गेले आहे. वळण घ्यायला दूरच्या फटीपर्यंत जाऊन परत येण्याऐवजी तो उलट दिशेने चार पावले जातो. त्याचे हे वर्तन बेकायदा व जीवघेणे आहे. परंतु त्याला केवळ बेशिस्त म्हणून मोकळे होणे म्हणजे रस्त्याच्या आखणीचा इतिहास न वाचणे होय.

नोंदींतील मौन

या विषयाच्या अभ्यासातील मोठी अडचण साधनांची आहे. ओव्हरटेक सर्वांना माहीत, पण दप्तरात तो स्वतंत्रपणे सापडत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात नियमभंगाचे वर्गीकरण अतिवेग, मद्यपान, चुकीची दिशा, लाल दिवा ओलांडणे, भ्रमणध्वनीचा वापर व इतर असे असते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू झाले. त्यांतील सुमारे ७१ टक्के अतिवेगाखाली नोंदले गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ओव्हरटेकचे नाव घेतो, पण धोकादायक व निष्काळजी वाहन चालविण्याच्या एकत्रित रकान्यात. २०२१ मध्ये त्यात ४२,८५३ मृत्यू होते.

ठाण्यातील फिर्यादीची भाषाही साचेबंद असते : 'भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणाने'. हे शब्द १८६० च्या दंडसंहितेतील कलम २७९ ची मराठी छाया आहेत. ते कलम घोडागाडीच्या काळातले. मराठवाड्यात ते १९५१ मध्ये लागू झाले. त्यातील कमाल दंड एक हजार रुपये. १८६० साली ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडची होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही दंड एक हजार रुपयेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये नियमबाह्य ओव्हरटेकचा स्पष्ट उल्लेख झाला आणि पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते पाच हजार रुपये दंड ठरला, एवढीच काय ती प्रगती.

समृद्धी महामार्ग

१८०३ साली बदनापुरात निवडलेला उपाय, म्हणजे वाटाच वेगळ्या करणे, दोन शतकांनंतर याच तालुक्यात पुन्हा योजला गेला. ७०१ कि.मी. लांबीच्या नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. सहा पदर, मोटारींना ताशी १२० कि.मी.ची मर्यादा, दुचाकी व तीनचाकींना मज्जाव. तफावत संपवण्यासाठी संथ वाहनांनाच बाहेर ठेवण्यात आले. तरीही १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बस दुभाजकाला धडकून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. जून २०२४ अखेरीस जालन्याजवळ कडवंचीनजीक इंधन भरून उलट दिशेने आलेल्या मोटारीने समोरच्या मोटारीला धडक दिली, त्यातही जीवितहानी झाली. ज्या रस्त्यावर समोरून कोणी येणारच नाही असे गृहीत धरले होते, तेथे समोरून कोणी तरी आले.

बदनापूर तालुक्यातील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी या महामार्गात गेल्या, त्यांना शेतमालाची ट्रॉली घेऊन आजही जुन्याच जालना रस्त्याने जावे लागते. तेथे मागची मोटार हॉर्न वाजवते, आणि ट्रॅक्टरवाला डावीकडे साइडपट्टीकडे पाहतो. तिच्यावर बहुधा एखादी हातगाडी किंवा थांबलेला ट्रक असतो.