उद्या दुपारी या

डोळे उघडा. नेरळ स्टेशन, बुधवार, 19 जुलै 1978. पाऊस पत्र्यावर असा बडवतोय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पलीकडे माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यापुरती मिटून बसली आहे. खिशात मोबाइल चाचपू नका. तुमच्या काखेत एक गठ्ठा आहे. रबरबँड लावलेली साडेतीनशे कार्डं, त्यांवर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या. हा तुमचा फोरट्रानमधला प्रोग्रॅम. एका कार्डावर एक ओळ, एका ओळीत 80 रकाने. कार्डाला ओल लागली की ते फुगतं आणि फुगलं की यंत्रात अडकतं. जुलैत नेरळहून प्रोग्रॅम नेणं म्हणजे पापड नेण्यासारखंच.

कर्जतची लोकल येते. डब्यात आज एकच विषय आहे: काल वसंतदादांच्या जागी शरद पवार मुख्यमंत्री झाले. वय अवघं सदतीस! पेपर एक आणि वाचणारे सहा. वांगणीपर्यंत पहिलं पान, बदलापूरपर्यंत आतली पानं, कल्याणला पेपर मालकाकडे परत. तोवर बातमीवर इतकी चर्चा झालेली असते की छापलेली बातमी त्यापुढे किरकोळ वाटावी. गठ्ठा मांडीवर घट्ट धरा. तो सुटून पडला तर साडेतीनशे ओळी पुन्हा क्रमाने लावायच्या. शहाणी माणसं गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ठेवतात. रेघ जुळली की क्रम जुळला.

ठाण्याला उतरून धीमी पकडा, कांजुरमार्गला उतरा आणि चिखल तुडवत पवईला या. आयआयटीचे पहिले वर्ग 1958 मध्ये वरळीला भरले, मग संस्था इथे, तळ्याकाठी आली. उभारणीला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत होती, म्हणून यंत्रही रशियन. आधी मिन्स्क-2 होतं, आता ईसी-1030. स्वतंत्र कॉम्प्युटर विभाग ऐंशीच्या दशकात होईल. तूर्त सगळे म्हणतात ‘कॉम्प्युटर सेंटर’.

यंत्राच्या खोलीत वातानुकूलन आहे, ते यंत्रासाठी. तिथून येणाऱ्या गारव्याने तुमचा ओला सदरा अंगाला चिकटतो. शेजारच्या खोलीत कार्डं पंच करण्याचा खटखटाट चालला आहे. खिडकीपाशी गठ्ठा द्या. पलीकडचा माणूस वरही न बघता म्हणतो, “उद्या दुपारी या.” कालच्या गठ्ठ्याचा निकाल मात्र खणात पडला आहे. लांबलचक घडीचा कागद आणि त्यावर चुकीची एकच ओळ. प्रोग्रॅम चाललाच नाही.

आता लगेच परत फिरू नका. तुम्हाला इथे आणलं ते खिडकीसाठी नव्हे, तिच्यासमोरच्या बाकासाठी. यंत्र एकच, त्यामुळे सिव्हिलवाला, केमिकलवाला, फिजिक्सवाला सगळे याच बाकावर. कोणाचा गाइड खवळला, कोणाला अमेरिकेचं पत्र आलं, कोणाचा प्रबंध अडला, सगळं इथे कळतं. सध्याची मोठी चर्चा आयबीएमची. परकीय चलनाच्या 1973 च्या कायद्याने कंपनीतला परदेशी हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला सांगितलं, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस हटले नाहीत आणि कंपनीने गाशा गुंडाळला. गंमत अशी की समोरचं रशियन यंत्र आयबीएम-360 च्याच वळणावर बांधलेलं आहे. मूळचा मालक गेला आणि नक्कल इथे नांदते आहे! आयबीएमच्या यंत्रांची देखभाल आता सीएमसी ही सरकारी कंपनी बघणार. एकाला ती नोकरीची संधी वाटते, दुसऱ्याला संकट.

तेवढ्यात एक अनोळखी मुलगा तुमच्या कागदात डोकावतो. “अहो, इथे स्वल्पविराम राहिलाय.” आठवडाभर तुम्हाला जे दिसलं नव्हतं, ते त्याला चहा संपायच्या आत दिसतं. त्याचा विषय वेगळा, वसतिगृह वेगळं. फक्त त्याचाही निकाल यायचा आहे.

क्षणभर डोळे मिटा. 1987. कार्डं गेली, टर्मिनल आली. इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या अर्नेट या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पात पाच आयआयटी आहेत, बंगळूरची विज्ञान संस्था आहे, जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर केंद्र आहे. जुहू आणि पवई यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून मोडेम बोलतो, पत्रं जातात, येतात. एनसीएसटीचे संचालक एस. रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घडवलं. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळेल 15 ऑगस्ट 1995 ला, म्हणजे पवईकर आठ वर्षं पुढे आहेत. काम हजारपट सोपं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. रांगेची आठवण काढून गहिवरणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही. त्यांतल्या बहुतेकांनी तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाला मनसोक्त शिव्या घातलेल्या असतात. पण सिव्हिलवाल्याला केमिकलवाल्याचा कागद दिसायचं आता काही कारण उरलं नाही. पत्र ज्याच्या नावाने येतं त्यालाच ते दिसतं. माझ्या मते सेंटरचं सेंटरपण यंत्राने नव्हे, यंत्राच्या संथपणाने घडवलं होतं.

परत या, 1978 ची संध्याकाळ उतरली आहे. नेरळला घरी फोन नाही. गाडी चुकली तर तुम्ही उगवाल तेव्हाच घरच्यांना कळेल. पंचिंगच्या खोलीत बसून कालच्या गठ्ठ्यातलं ते एकच कार्ड स्वल्पविरामासकट नव्याने पंच करा, जुनं काढून नवं बरोबर त्याच जागी घाला, पेन्सिलीची रेघ पुन्हा जुळवा. काढलेलं कार्ड टाकू नका. पाठ कोरी आहे, गाड्यांच्या वेळा लिहायला उपयोगी पडेल. खिडकी बंद व्हायला आली आहे. गठ्ठा सरकवा, उत्तर ठरलेलं आहे.

उद्याही पाऊस आहे. पुढच्या गठ्ठ्याला पिशव्या दोनच घाला, पण तोंडं उलटसुलट ठेवा.