मेंदूचे चित्र कोण वाचतो?

डोके मोजून माणसाची पायरी ठरवण्याचा उद्योग जुना आहे. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने कवट्यांत बिया भरून त्यांचे आकारमान काढले आणि १८३९ साली वंशांची उतरंड मांडली. आपल्याकडे रिस्लेसाहेबाने नाकाच्या रुंदीवर जातीची प्रतिष्ठा टांगली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांचीच मापे पुढे ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, असा निष्कर्ष त्यांतूनच काढला. मोजपट्टी तीच, वाचणारा बदलला. तेव्हा मेंदूची रंगीत चित्रे दाखवून कुणी उपजत ‘गुणवत्ते’च्या गोष्टी सांगू लागला की, त्या यंत्राचा इतिहास विद्यार्थ्यांपुढे ठेवणे मला इतिहासाच्या शिक्षकाचे काम वाटते.

मेंदूचे कार्य दाखवणारा हा एमआरआय विचार टिपत नाही; टिपतो तो रक्तातला फरक. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक किंचित ओढतो, प्राणवायू धरलेल्याला ओढत नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ सालीच दाखवले होते. १९९० साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये सेजी ओगावा यांना हा फरक उंदरांच्या मेंदूच्या चित्रांत दिसला. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजे रक्त गरजेपेक्षा जास्त धावते आणि तिथला संकेत वाढतो. पण त्याला काही सेकंद लागतात. तोवर विचार कुठल्या कुठे गेलेला असतो! १९९१ साली बोस्टनमध्ये केनेथ क्वाँग व सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकवून डोक्याच्या मागचा, दृष्टीचा भाग असाच टिपला.

एवढ्या झपाट्याने चित्रे घेण्याची रीत १९७७ सालची, पीटर मॅन्सफिल्ड यांची. लंडनच्या एका गॅसफिटरचा हा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. ‘विज्ञान तुझ्यासाठी नाही,’ असे शाळेतल्या मार्गदर्शकाने बजावले. छापखान्यात मदतनीस झाला, सैन्यात गेला, रात्रीच्या वर्गांना बसून परीक्षा दिल्या, मग विद्यापीठ. २००३ साली पॉल लॉटरबर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ‘गणित तुमच्या डोक्यात शिरायचे नाही’ हे वर्गात ऐकलेले आहे. मार्गदर्शकाने काय पाहून निकाल दिला असेल, ते मला वेगळे सांगावे लागत नाही.

या चित्रांतले रंग कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. हजारो ठिपक्यांचा हिशेब करून ते मागाहून भरले जातात, आणि हिशेब माणूस करतो. २००९ साली क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितले. ढिल्या हिशेबात माशाच्या मेंदूत काही ठिपके उजळले. संख्याशास्त्राची योग्य दुरुस्ती लावल्यावर ते विझले.