काकांचा फोन आणि सायकलचा डायनामो

काकांचा फोन २००६ साली अचानक का बंद पडला, हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, म्हणजे शिव्या जरा कमी बसतील.

सायकलचा डायनामो आठवतोय ना? टायरला टेकवलेली ती छोटीशी बाटली, तिची घुरघुर आणि सायकल थांबली की विझणारा दिवा. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ सालचं. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरला की तारेत वीज निर्माण होते. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये हाच उद्योग चाकाच्या हबमध्ये बसवला. बाटलीवाल्या डायनामोचं माप पुढे ठरूनच गेलं: ६ व्होल्ट, ३ वॅट, म्हणजेच अर्धा अँपिअर. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला, ०.६ मागच्या.

आमच्या सायकलचा पुढचा बल्ब उडाला की थोड्याच वेळात मागचाही उडायचा. बाबा म्हणायचे, "जोडीनेच जातात हे." कारण खूप नंतर कळलं. डायनामो समोरच्याची भूक विचारत नाही. वेग वाढला तरी तो साधारण अर्धा अँपिअरच ढकलतो आणि पुढचा बल्ब गेला की तो सगळा प्रवाह मागच्या इवल्याशा बल्बमधून जातो. काहीच जोडलेलं नसेल, तर वेगाबरोबर व्होल्टेज चढत जातं.

हे तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

२००६ च्या उन्हाळ्यात मी गावी होतो. बारा-बारा तास लोडशेडिंग. आत्या पुण्यात दवाखान्यात आणि अख्ख्या वाड्यात फोन एकच, काकांचा. संध्याकाळी त्याची बॅटरी संपली. मी (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर!) डायनामोच्या दोन तारा जुन्या चार्जरच्या पिनेला जोडल्या, सायकल स्टँडवर लावली आणि जोरात पायडल मारले. फोनमधून जळका वास आला. डायनामोची वीज उलटसुलट दिशेने वाहते आणि फोनला ती एकाच दिशेची, ठरल्या व्होल्टेजची लागते. मधे चार डायोड, एक कपॅसिटर आणि एक रेग्युलेटर हवा होता. काकांना मी सांगितलं, "बॅटरी गेली वाटतं." आत्याचं ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला, तोही शेजारच्या गावातून. काकू रात्रभर जागी होती.

पुढे २००९ मध्ये बातमी वाचली, की नैरोबी विद्यापीठातल्या पास्कल काटाना आणि जेरेमायाह मुरिमी या विद्यार्थ्यांनी सायकलवर चालणारा मोबाईल चार्जर बनवलाय. भंगारातले भाग आणि किंमत ३५० केनियन शिलिंग. तिथे खेड्यातल्या बहुतेक घरांत वीज नव्हती, लोक पैसे मोजून गावातल्या दुकानात फोन चार्ज करत. त्यात २००७ पासून एम-पेसामुळे पैसेही फोनवरूनच पाठवले जात होते. फोन बंद म्हणजे पाकीटही बंद. जून २०१० मध्ये नोकियानेही नैरोबीतच आपला सायकल चार्जर जाहीर केला. ताशी ६ किलोमीटरच्या आसपास वेग आला की तो काम सुरू करायचा.

गंमत बघा, १९९६ साली आलेल्या यूएसबीचंही सुरुवातीचं माप होतं ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर. दिव्यासाठी ठरलेलं माप फोनलाही जवळजवळ तसंच लागू पडलं. काकांच्या त्या फोनची बॅटरी साधारण ३ वॅट-तासांची होती, म्हणजे दीडेक तास सायकल पुरली असती. आजच्या ५००० एमएएचच्या फोनला १८-१९ वॅट-तास लागतात. तीच सायकल दिवसभर चालवावी लागेल. डायनामो होता तेवढाच आहे, भूक आपली वाढली.

असो. काका, तुमची बॅटरी गेली नव्हती. मी फोन जाळला होता. काकू, त्या रात्रीबद्दल माफ कर.

दिवाळीत येतोय. ती सायकल अजून गोठ्यात आहे आणि डायनामोही तिच्यावरच आहे असं ऐकलं. येताना चार डायोड घेऊन येतो. यावेळी आधी टॉर्च जोडून बघू. फोन तुमच्या खिशातच राहू दे.